मदत हवी आहे : मुलीची एचपीव्ही लस "जीन टेक्नॉलॉजी"वाली असते का?

मानपाड्याची_आई :
लेक ११ पूर्ण झाली. आमच्या पेडनी (मुलांचे डॉक्टर, इथेच ठाण्यात, मानपाड्याला) मागच्या व्हिजिटला एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या व्हायरसवरची) लस सुचवली, दोन डोस, मध्ये सहा महिने. मी हो म्हणणारच होते पण घरी विषय काढला आणि साबांनी (सासूबाईंनी) सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड पुढे केला, की ही जीनवाली लस आहे, कोविडवाल्यांसारखीच, डीएनएत शिरते आणि पुढे मुलींना मूल होत नाही. शेवटचं वाक्य ठळक अक्षरात, खाली लाल त्रिकोण वगैरे. नवरा म्हणतो थांबू या, घाई काय आहे. डॉक्टरांना फोन केला तर "सेफ आहे हो, आणा तिला", मागे दोन बाळं टाहो फोडत होती, पुढे काय विचारणार.

मी कॉमर्सवाली, बायोलॉजी दहावीला सुटलं ते सुटलं. "सेफ आहे" सगळेच सांगतात, मला कळायला हवंय की ह्या लसीत नक्की काय असतं, जीन असतो की नाही, आणि एमआरएनए म्हणतात ती हीच का वेगळी. घरी समजावता येईल असं कोणी सांगेल का? कृपया राजकारण नको.

तलावपाळी :
वाचतेय. माझी ९ची आहे, आमच्याकडेही हाच फॉरवर्ड.

रबाळे_एमआयडीसी :
बायोटेकमध्ये क्वालिटीला आहे (लसीची कंपनी नाही). फॉरवर्ड अर्धा खरा आहे म्हणूनच चालतो. जीन टेक्नॉलॉजी वापरतातच. फक्त विचारायचं एवढंच की जीन घातला कुठे, कारखान्यातल्या टाकीत की तुमच्या दंडात?

एचपीव्हीच्या लसीत तो टाकीत असतो. व्हायरसच्या कवचाचं एल१ नावाचं प्रोटीन आहे, त्याचा जीन यीस्टमध्ये घालतात (एका कंपनीने किड्यांच्या पेशी वापरल्या), यीस्ट टाकीत वाढतं आणि हे प्रोटीन तयार करत राहतं. मग यीस्ट फोडायचं, प्रोटीन वेगळं काढायचं, शुद्ध करायचं. यीस्टचा डीएनए किती उरला तेही मोजतात, त्याला मर्यादा ठरलेली असते, आमच्या खात्याचं निम्मं आयुष्य असल्याच टेस्टमध्ये जातं. आणि ह्या प्रोटीनची खासियत अशी की ३६० रेणू आपले आपण जुळून गोळा तयार होतो, बाहेरून हुबेहूब व्हायरस आणि आत काहीच नाही, म्हणजे सारण न भरलेली करंजी. व्हायरसचा डीएनए हे सारण, तेच नाही तर इन्फेक्शन होणार कशाने?

दंडात टोचल्यावर तिथल्या पेशी हे गोळे उचलून काखेतल्या लसिका गाठींकडे नेतात, तिथे बी पेशी त्या आकाराला घट्ट बसतील अशा अँटिबॉडी (व्हायरसला पकडून अडवणारी प्रोटीनं) बनवायला लागतात, आणि काही पेशी आठवण म्हणून वर्षानुवर्षं उरतात. लसीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो तो ह्या सगळ्यांना जागं करायला. बाळाला ट्रिपल देतात त्यातही असतो.

एमआरएनए वेगळी. तिच्यात प्रोटीन नसतंच, ते बनवायची सूचना चरबीच्या सूक्ष्म थेंबात घालून देतात, म्हणजे टाकीचं काम आपल्याच पेशी करतात. तीही सूचना केंद्रकाच्या (पेशीच्या गाभ्याच्या) बाहेर वाचली जाते, डीएनए असतो केंद्रकाच्या आत, आणि थोड्या दिवसांत ती मोडून जाते. आधी अडचण अशी होती की बाहेरून आरएनए दिला की शरीर खवळून उठायचं. कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ला दाखवलं की त्यातलं एक अक्षर थोडं बदललं तर खवळत नाही, त्याला नोबेल मिळालं २०२३मध्ये.

आणि "कोविडवाल्यांसारखी" म्हणजे कुठल्या? कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीच्या अडिनोव्हायरसमध्ये (सर्दीच्या जातीचा एक व्हायरस) स्पाइकचा, म्हणजे कोरोनाच्या काट्याच्या प्रोटीनचा, जीन घातलेला, कोव्हॅक्सिन म्हणजे सरळ मारलेला व्हायरस, अहमदाबादच्या झायडसची डीएनएची आणि पुण्याच्या जिनोव्हाची एमआरएनएची. चौघींचं एकमेकींशी जमत नाही.

मानपाड्याची_आई :
बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं, धन्यवाद दादा. पण मग मूल न होण्याचं कुठून आलं? आणि साबा म्हणतात "नवीन आहे ना पण, लोकांवर प्रयोग".

नेरुळ_सीवूड्स :
स्त्रीरोगवाली आहे, ओपीडी संपवून लिहितेय. ताई, नवीन नाही हो. लेकीची जन्माची फाईल काढा, हिपॅटायटिस बी दिसेल, जन्मल्यावर २४ तासांत मांडीत देतात ती. तीही यीस्टमध्येच बनते, अमेरिकेत मान्यता १९८६ची. साबांना शुगर आहे का? इन्सुलिन घेत असतील तर माणसाचा जीन जिवाणूत घालून इन्सुलिन बनवणं १९८२पासून चालू आहे. एचपीव्हीची लस २००६ला आली, पुण्याच्या सीरमची २०२२ला मंजूर झाली.

मूल न होण्याचं म्हणाल तर, ह्या लसीने बीजांडकोष लवकर बंद पडतो असा आरोप झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने २०१७ला तपासलं, संबंध सापडला नाही. उलट गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी गर्भाशय काढावं लागलं की मूल होण्याचा प्रश्नच संपतो, आणि आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो.

आता खरं सांगायचं ते हे की डीएनएत शिरतो तो व्हायरस. १६ आणि १८ नंबरचे प्रकार वर्षानुवर्षं पेशीत मुक्काम ठोकतात, कॅन्सरच्या बऱ्याच पेशींमध्ये त्यांच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएला जोडलेला सापडतो, आणि त्यांची ई६, ई७ प्रोटीनं पेशीच्या वाढीवरचे ब्रेक निकामी करतात. फॉरवर्डवाल्याने लसीवर ढकललंय ते काम मुळात व्हायरसचं आहे.

घाई काय, तर ही लस झालेलं इन्फेक्शन बरं करत नाही, अँटिबॉडी आधीपासून तयार लागतात. शिवाय ९ ते १४ वयात प्रतिसाद जोरदार येतो म्हणून दोन डोस पुरतात, १५ नंतर तीन. आणि लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही, सगळे प्रकार लसीत नाहीत.

वाशी_सेक्टर१७ :
कंपन्यांचा धंदा आहे हे पण लिहा की.

नेरुळ_सीवूड्स :
धंदा आहेच. किमोच्या औषधांचाही आहे.

मानपाड्याची_आई :
फाईल सापडली, हिपॅटायटिस बीचं स्टिकर बॅच नंबरसकट आहे. आणि साबांचं इन्सुलिन आमच्या फ्रीजच्या दारात लोणच्याशेजारी! दाखवलं त्यांना, काही बोलल्या नाहीत, रिपोर्टची झेरॉक्स मागितल्यासारखं "डॉक्टरीणबाईंचं ते लिहिलेलं मला पाठव" म्हणाल्या. पाठवलं. नवरा तयार आहे. शेवटचा प्रश्न, पुढच्या आठवड्यात युनिट टेस्ट आहे, ताप येतो का?

नेरुळ_सीवूड्स :
कधी कधी अंग कोमट होतं, दंड एक-दोन दिवस दुखतो. लिहायचा हात नसेल त्या दंडात घ्या, नाहीतर टेस्ट उरकून शनिवारी न्या. उपाशी नेऊ नका, आणि टोचल्यावर १५ मिनिटं बसवून ठेवा, ह्या वयात पोरींना सुईनंतर चक्कर येते, लसीमुळे नाही, सुईमुळे.