स्कूटरवर इअरप्लग घालणारं कुणी आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी रोज मुलुंडहून परळला स्कूटरने जाते, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने सायनपर्यंत आणि पुढे आंबेडकर रोडने. गेले दोन महिने घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते, रात्री जास्तच. ईएनटी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

आधी वाटायचं, दोष हॉर्नचा. पण हायवेवर ६०च्या वेगात खरा त्रास होतो तो मानेपाशी हेल्मेटखालून घुसणाऱ्या वाऱ्याचा, फुलफेस घालूनही. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांहून जास्त राहू नये असं मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

फोमचे इअरप्लग आणलेत. बोटांनी वळते, कान मागून वर ओढून आत घालते, फुगेपर्यंत धरून ठेवते. तरी हेल्मेट चढवताना उजवा हमखास निघतो. तुम्ही काय करता? आणि मुख्य भीती म्हणजे, मागून येणारी बेस्टची बस, अँब्युलन्स ऐकू येते ना? फिल्टरवाले सिलिकॉनचे प्लग कुणी याच रस्त्यांवर वापरलेत का? दादर-परळमध्ये कुठे मिळतील? इअरफोन कृपया सुचवू नका. मला गाणी नकोत, कान वाचवायचेत.