शब्दचर्चा: 'रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर'ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ:
लेक धुळ्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतेय. परवा शेतात मोटरीच्या पेटीजवळ उभी राहून आजोबांना समजावत होती: एक 'सक्रिय शक्ती' (अ‍ॅक्टिव्ह), एक 'प्रतिक्रियात्मक शक्ती' (रिअ‍ॅक्टिव्ह) आणि दोन्ही मिळून 'आभासी शक्ती' (अ‍ॅपरंट). आजोबांनी विचारलं, "प्रतिक्रिया कोन देस?" लेकीला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. या शब्दांचा नेमका अर्थ काय? याहून बरे शब्द आहेत का?

वायंडर:
ताई, आजोबांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. शिरपूर तालुक्यात पंचवीस वर्षं मोटरी भरतोय, म्हणजे त्यांचं वाइंडिंग करतोय, आणि हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता. प्रतिक्रिया म्हणजे कुणी काही केलं की त्यावर दुसऱ्याने काही करायचं. इथे तसं काही घडत नाही. इथे चालते ती उसनवारी.

मोटरीच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या कॉइलला, आधी चुंबकीय क्षेत्र उभं करावं लागतं. त्यासाठी ती लाइनकडून ऊर्जा घेते. पण आपला प्रवाह सेकंदाला ५० वेळा पूर्ण चक्र फिरतो, म्हणजे एका चक्राला २० मिलिसेकंद. एक फेज, म्हणजे तीन तारांपैकी एकच, धरून बघा: पहिली ५ मिलिसेकंद ऊर्जा घेतली, पुढच्या ५ मिलिसेकंदांत क्षेत्र मावळलं आणि सगळी परत केली. मग पुन्हा घेतली, पुन्हा परत. सेकंदाला १०० वेळा घेणं, १०० वेळा देणं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि वाटीभर परत करायची, तसं. तिच्या डब्यात साखर होती तेवढीच राहिली, पण खेपा झाल्याच ना? तारेतला जादा अँपियर म्हणजे या खेपा.

म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगताना 'उसनी वीज' म्हणतो. पाणी वर चढवते ती 'कामाची वीज'. आपल्याकडे माणसं 'उसनं' आणि 'कर्ज' यांत फरक करतात. उसन्याला व्याज नसतं, घेतलं तेच आणि तेवढंच परत करायचं. हा अर्थ इथे जसाच्या तसा बसतो, दुसरा शब्द इतका चपखल मला सापडलेला नाही.

केळीबाग:
भाऊ, आमचे वायरमन तिला 'वाया जाणारी वीज' म्हणतात. इथेच कुणी 'निष्क्रिय शक्ती'ही लिहिलं होतं. सोपं आहे की.

वायंडर:
दादा, सोपं आहे पण चूक आहे, आणि या चुकीने नुकसान होतं. निष्क्रिय कशी? चुंबकीय क्षेत्र नसेल तर मोटर जागची हलणार नाही. आणि वाया जात असेल तर परत कशी येते? वाया जातो तो खेपांचा खर्च, म्हणजे तार गरम होते ती.

टाँग टेस्टर (तारेभोवती धरून अँपियर मोजायचा चिमटा) असेल तर स्वतः बघा. समजा तुमची ५ एचपीची मोटर ४ किलोवॅट कामाची वीज घेते आणि ३ केव्हीएआर उसनी (केव्हीएआर हे उसन्या विजेचं माप). ही बेरीज ७ होत नाही. दोन्ही काटकोनात असतात, म्हणून कर्ण येतो ५, म्हणजे दोन्ही मिळून ५ केव्हीए. ४१५ व्होल्टवर हे साधारण ७ अँपियर होतात. आता स्टार्टरशी २ केव्हीएआरचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा डबा) लावा. कॉइल देते तेव्हा कपॅसिटर घेतो, कॉइल मागते तेव्हा तो देतो. उसनवारी विहिरीच्या काठावरच मिटते, डीपीपर्यंत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, खेप मारावी लागत नाही. लाइनच्या तारेवर टाँग टेस्टर धरला तर ५.७ अँपियर दिसतील. मोटरीकडे खाली उतरणाऱ्या केबलवर मात्र ७ ते ७च राहतील, कारण मोटरीची गरज तेवढीच आहे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'वाया' हा शब्द तोंडात येत नाही.

तारेतली झीज, म्हणजे तार तापण्यात जाणारी वीज, अँपियरच्या वर्गावर चालते. ७ वरून ५.७ म्हणजे ती जवळपास एकतृतीयांशाने घटते. लाइनच्या शेवटच्या मोटरीला पुरेसं व्होल्टेज मिळतं ते यातूनच. उन्हाळ्यात केळीला पाणी कमी पडू द्यायचं नसतं आणि तेव्हाच एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम चालतात. तरी दहा पेट्या उघडल्या तर बऱ्याच पेट्यांत कपॅसिटरचा डबा फुगलेला असतो, किंवा वायर काढून नुसता लटकवलेला. फार वाईट वाटतं. हिला 'वाया जाणारी' म्हटलं की माणसाला वाटतं, माझ्या बिलात तर काही फरक नाही, जाऊ दे वाया.

'आभासी'वरही माझा तितकाच आक्षेप आहे. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. पण ते ५ केव्हीए खरोखर तारेतून जातात, केबलची जाडी त्यावरूनच ठरते. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे तासाला किती केव्हीए या हिशेबावर, येतं, जिनिंगवाल्या कुणालाही विचारा. आभासाचे पैसे कोण भरेल? व्होल्ट आणि अँपियर वाचून गुणाकार केला की दिसते ती ही शक्ती, म्हणून 'दृश्य शक्ती' म्हणावं. कामाच्या विजेला कुणी 'खरी शक्ती' म्हणतात, तेही मला पटत नाही, कारण मग उसनी खोटी ठरते.

एककाला मात्र हात लावू नये. केव्हीएआरमधला 'व्हार' (व्होल्ट-अँपियर रिअ‍ॅक्टिव्ह) हा छोटा शब्द रुमानियाचे अभियंते बुडेआनू यांनी सुचवला आणि १९३० साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत तो स्वीकारला गेला. सबस्टेशनवर सगळे 'एमव्हार (दहा लाख व्हार) किती?' असंच विचारतात. तो आता मराठीच झालाय.

खडूफळा:
मी आयटीआयला शिकवतो. 'उसनी' आवडला, पण एक अडचण आहे. तुमचं ५ मिलिसेकंदांचं घेणं-देणं एका फेजचं. पंपाची मोटर तीन फेजची. तिन्ही फेजांची बेरीज केली तर मोटरीकडे जाणारी एकूण शक्ती प्रत्येक क्षणी सारखीच असते, मागे काही येतच नाही. मग उसनं कुणाचं?

वायंडर:
सर, रास्त प्रश्न. दोन दिवस कागदावर तीन लाटा काढून बसलो होतो. एक फेज परत करत असते नेमकी तेव्हा बाकीच्या फेजा घेत असतात. बेरजेत काही दिसत नाही, कारण उसनवारी तीन शेजारणींची आपसात चालते. घेणं-देणं मिटलेलं, घराबाहेर कुणाला पत्ता नाही. पण प्रत्येकीच्या पायाला खेपा आहेतच, तिन्ही तारांत तो जादा अँपियर टाँग टेस्टर दाखवतोच. तेव्हा शब्द मोडत नाही, उलट 'शेजार' धरला तर जास्त घट्ट बसतो. तुम्ही वर्गात तीन मुलांना उभं करून तीन वाट्यांनी हे करून दाखवाल तर मला नक्की कळवा.

तापीकाठ ताई, लेकीला सांगा, वहीत 'प्रतिक्रियात्मक' राहू दे, परीक्षेत तोच लागेल. शेजारी बारीक अक्षरात 'उसनी' लिहून ठेव म्हणावं. आणि आजोबांना उत्तर द्यायचं असेल तर पेटीतला कपॅसिटर आधी तपासून घ्या.