सोलापूरच्या उन्हात कार्ब हीट दरवेळी ओढायची का?

होटगीकर: मे महिन्यात इथं पारा ४२ वर, हवेत ओल नावाला. तरी सेस्ना १५२ या छोट्या विमानावर शिकलेली पोरं थ्रॉटल (इंजिनाच्या ताकदीचा दांडा) मागे घ्यायच्या आधी डोळे झाकून कार्ब हीटचा नॉब ओढतात, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून तापवलेली हवा आत घेतात. ती हवा फिल्टरमधून येत नाही, म्हणजे इथली काळ्या मातीची धूळ थेट इंजिनात. वर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आणि ताकद कमी. पायपर चेरोकी विमानाचं पुस्तक तर बर्फाची लक्षणं दिसल्याशिवाय लावूच नका म्हणतं. सोलापुरात ही सवय सोडावी, असं माझं स्पष्ट मत.

पाखरू: बाहेर किती ऊन आहे हा प्रश्नच नाही बे. हॉटेलात मोठ्या भट्टीवर जोरात चाललेला गॅस सिलेंडर बघ, भर उन्हाळ्यात खालच्या अंगाला घाम फुटतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यात तेच होतं: पेट्रोल उडतं, हवा पसरते, तापमान २०-३० अंशांनी उतरतं. ३० अंशातही ओलसर हवेत बर्फ धरतो.

होटगीकर: ओलसर हवेत! मेच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्के असते.

जुना इन्स्ट्रक्टर: मे तुझा. ऑगस्टची सकाळ घे: तापमान २३, दवबिंदू २१. आइसिंगच्या (बर्फ धरण्याच्या) तक्त्यात हा भाग कमी पॉवरवर गंभीर धोक्याचा आहे. चेरोकीचं म्हणशील तर तिच्या लायकमिंग इंजिनात कार्ब्युरेटर ऑइल सम्पला (गरम तेलाच्या टाकीला) जोडलेला असतो, त्याला ऊब मिळते. जुन्या सेस्ना १५० च्या कॉन्टिनेंटल इंजिनाला ती तेवढी नाही.

होटगीकर: १५२ ला पण लायकमिंगच आहे, सर. मग तिथं कशाला?

जुना इन्स्ट्रक्टर: कारण ही गरम हवा एक्झॉस्टच्या उष्णतेवरच मिळते. थ्रॉटल बंद करून उतरताना इंजिन आधीच निवत असतं. बर्फानं गळा आवळल्यावर नॉब ओढलास तर गरम करायला उरलंय काय? लक्षणांची वाट बघणं क्रूझमध्ये (वर सरळ उडताना) ठीक. तिथंही आरपीएम हळूहळू घसरतो आणि पोरगं थ्रॉटल सरकला समजून थोडा पुढे ढकलतं. मग हीट लावली की आरपीएम आणखी पडतो, वितळलेलं पाणी गिळताना इंजिन खोकतं, आणि घाबरून तो नॉब परत आत! तेवढा धीर धरला असता तर आरपीएम स्वतःच वर आला असता. आणि अर्धवट ओढायचा नाही. कार्ब तापमानाचा गेज नसेल तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही.

पाखरू: धुळीचं म्हणाल तर टॅक्सी करताना बंद ठेवा की. हजार फुटांवर कसली काळी माती?

होटगीकर: गो-अराउंडला (उतरणं सोडून परत वर जाताना) नॉब आत ढकलायला विसरलं तर ताकद कोण देणार? पावसाळ्यापुरतं मान्य. मेच्या दुपारी मी ओढणार नाही.

जुना इन्स्ट्रक्टर: इथून कोरड्या हवेत निघून रत्नागिरीला उतरायचं असेल तर?

होटगीकर: घाट ओलांडला की ओढेन, सर. इथं होटगी रोडच्या विमानतळावर नाही.