चिकूच्या जिभेचे व्यायाम : घरच्या ग्रुपवरील चर्चा

चिकूची आई: साक्षगंधातील चिकूचा व्हिडिओ कोणी टाकला हे मी विचारत नाही, पण तो कृपया काढावा. गिळताना त्याची जीभ दातांना ढकलते, म्हणून जिभेच्या व्यायामांसोबत तोंडात घालायचा एक साचा दिला आहे; तो बसवल्यावर सुरुवातीला लाळ गळतेच, रात्री झोपेत तो बाहेरही पडतो. परंतु सगळे हसल्यापासून चिकू साच्याला हात लावत नाही.

दर्यापूरचे मामाजी: एकदा दातांना तार लावून घ्यावी, विषय संपेल.

पुसदची आत्या: लेकराच्या जिभेवर रबर ठेवतात म्हणे. गिळले तर? आम्हाला कोणी काही सांगतच नाही.

चिकूची आई: आत्याबाई, दिवाळीत सांगितले होते. तो तारेला लावतात तसला बारीक रबर असतो. जिभेच्या शेंड्यावर ठेवून, शेंडा वरच्या दातांमागील खरबरीत जागी टेकवून, दात मिटून घोट गिळायचा असतो आणि मी आरशासमोर त्याच्याजवळच बसते. सुई नाही, कापणे नाही. जबडा आणि जीभ थकते, हे खरे. त्याहून अधिक, तेच ते महिनोन्महिने करण्याचा त्याला कंटाळा येतो.

यवतमाळचे भाऊजी: व्हिडिओ काढला, वहिनी. मात्र जीभ टाळूला चिकटवून 'टक' करण्याचा व्यायाम त्याने वावरात केला, तेव्हा बैलजोडी चालू लागली, याला मी साक्षीदार आहे. 😄

दर्यापूरचे मामाजी: तार लावून घ्यावी.

चिकूची आई: मामाजी, आदराने सांगते. गिळताना जीभ दातांना ढकलतच राहिली, तर तार काढल्यावर दात पुन्हा पुढे सरकू शकतात. तार लागणारच नाही, असे डॉक्टरांनीही म्हटलेले नाही.

मोठे काकाजी: नाक तपासले का? ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढल्याने नाकातून श्वासच जात नसेल, तर त्या पोराला ओठ मिटून बस म्हणणे हा जुलूम आहे.

चिकूची आई: नागपूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवले, काकाजी. नाक मोकळे आहे. तोंडाने श्वास घेण्याची सवय तेवढी उरली आहे.

पुसदची आत्या: नागपूरपर्यंत आलात आणि कळवलेही नाही. असो.

आबाजी: ओठांमागे दोरा बांधलेले बटण धरायचे आणि समोरच्याने ओढायचे, हा व्यायाम त्याला आवडतो. उद्यापासून मी समोर बसतो.

दर्यापूरचे मामाजी: आबाजी, आपण कवळी काढून बसावे. चिकूला तार मात्र लावून घ्यावी.