केंट कॉफी ‘वारसा’, मग एस. ७९५ काय सावत्र?

तापीकाठ (जळगाव):
गेल्या महिन्यात चिकमगळूरला जाऊन आलो. एका दुकानात कॉफीची दोन पाकिटं शेजारी शेजारी. एकावर ‘केंट, वारसा वाण’, पाव किलोला ६४० रुपये. दुसऱ्यावर नुसतंच ‘एस. ७९५’, ३८० रुपये. दुकानदार म्हणे, पहिली बाबा बुडनच्या सात बियांची थेट लेक आणि दुसरी सरकारी संकरित. दोन्ही घेतल्या, पण तेव्हापासून डोकं फिरलंय.

सूफी संत बाबा बुडन १६७०च्या सुमारास येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया दडवून घेऊन आले, ही आख्यायिका ठीक. पण केंट काही त्यांनी लावलेली नाही. १९११ साली म्हैसूर संस्थानातल्या डोड्डनगुड्डा मळ्यात एक झाड उठून दिसलं, त्याचं बी राखलं आणि केंट नावाच्या इंग्रज मळेवाल्याचं नाव त्याला चिकटलं. साहेबाने निवडलं की वारसा, आणि बाळेहोन्नूरच्या आपल्या कॉफी संशोधन केंद्रात वाढलं की संकरित? १९४०च्या दशकापासून तिथल्या डोंगरातल्या किती घरांच्या चुली एस. ७९५ वर पेटल्या असतील! माझ्या मते वारसा म्हणायचं तर तिलाच.

यावलकर:
सपशेल असहमत. उद्या ग्रँड नैन केळीलाही गावरान म्हणाल. तीही आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून ती बसराईची जागा घेते का?
केंट ही शुद्ध अरेबिका (कॉफीची एक प्रजाती) आहे. अरेबिकाचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे बी लावलं की बहुतेक आईसारखंच झाड येतं. एस. ७९५ मध्ये लायबेरिका या वेगळ्याच प्रजातीचं रक्त आहे. चांगली असेल, पण वारसा नाही. भरिताच्या वांग्याचं बी आपण दुसऱ्या वांग्याशेजारी लावू देत नाही, ते कशासाठी?

धुयेकर:
आमना खान्देशमा कॉफी कथाईन उनी भो? कळनानी भाकर, ठेचा नि वर चहा. तुमनं चालू द्या.

मास्तर_निवृत्त (चोपडा):
कृषी विद्यालयात तीस वर्षं शिकवलं, म्हणून राहवत नाही. यावलकर, ‘शुद्ध अरेबिका’ हा शब्द जपून वापरा. अरेबिका स्वतःच संकर आहे. फार फार पूर्वी कॅनेफोरा (म्हणजे आपली रोबस्टा) आणि युजेनिऑइड्स या दोन प्रजातींचा रानात आपोआप मेळ झाला. म्हणून तर रोबस्टाची गुणसूत्रं २२ आणि अरेबिकाची ४४. सोवळं पाळायचं तर कुठपर्यंत?

दुसरं, लायबेरिकाचं रक्त कोणी सुईने टोचलेलं नाही. अरेबिका आणि लायबेरिकाचा एक संकर मळ्यातच आपोआप झाला. त्याला नाव दिलं एस. २६. त्यातून निवडून एस. २८८ केली. तिला तांबेरा कमी लागायचा, पण दाणा आणि चव बेताची. मग तिचा संकर केला आपल्या केंटशी. म्हणजे एस. ७९५ ही केंटचीच मुलगी. धागाकर्त्यांनी मथळ्यात सावत्र लिहिलंय, ती सख्खी निघाली.

आणि हे सगळं केलं का, तर तांबेरा. गव्हावरचा तांबेरा आपण पाहतो तसाच, पानाच्या पाठीवर नारिंगी भुकटी, मग पानगळ. १८६९ला श्रीलंकेत दिसला आणि लवकरच म्हैसूरच्या डोंगरात पोचला. तिथली जुनी ‘चिक’ जात त्यात कोलमडली. श्रीलंकेत तर पुढे कॉफी उपटून चहा लावला. केंट सुरुवातीला टिकली म्हणून १९२०-३०च्या काळात पसरली, पण रोगाची नवी जात आली आणि तिचंही कवच फुटलं.

यावलकर:
मास्तर, मुलगी म्हणजे आई नव्हे. मूळ वाण उरलाच नाही तर पुढचा संकर कशाशी कराल? केंट आज थोड्याच मळ्यांत उरली आहे. फवारण्या करून, उत्पन्न कमी घेऊन कोणी ती राखत असेल तर २६० रुपये जास्त मागणारच. दादर ज्वारीला आपण दोन पैसे जास्त मोजतोच की.

फिल्टरवाली (भुसावळ):
रेल्वे कॉलनीत वाढले, शेजार तमिळ, त्यामुळे कॉफी लहानपणापासून. चवीचं कोणीच बोलत नाहीये! केंट दुधाशिवाय, चिकोरीशिवाय प्यायले आहे. हलकी, स्वच्छ, मागे गोडसर. एस. ७९५ तोंडात जरा जड लागते, तिला मोखासारखी मसालेदार झाक असते. मला दुसरी आवडते. आणि तिलाही पांढरा खोडकिडा पोखरतो, तांबेराही आता पूर्वीसारखा मागे हटत नाही. तेव्हा ती काही सरकारी पोलादी बाई नव्हे.
तुम्ही दोघं अर्धा ग्लास दूध आणि तीन चमचे साखर घालून वारशावर भांडताय का, आधी तेवढं सांगा.

शहादेकर:
विषयांतर होईल, पण आपल्या तोरणमाळला लावली तर? चिखलदऱ्याला इंग्रजांनी लावलेली कॉफी अजून आहे, तोही सातपुडाच.

मास्तर_निवृत्त:
उंची चालेल, सावलीही करता येईल. गोची पावसाची आहे. कॉफीला मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर लागते. ती पडली की आठ-दहा दिवसांत अख्खा मळा मोगऱ्यासारखा पांढरा होतो, आणि मग फळ धरायला आणखी सरी लागतात. आपल्याकडे त्या दिवसांत आकाशातून काय पडतं ते ठाऊकच आहे. तुषार सिंचन करून हौसेपुरती होईल.

तापीकाठ:
यावलकर, बी राखणाऱ्याला दाम मिळावा हे मान्य, तेवढ्यापुरतं मागे घेतो. पण दुकानदाराची ‘थेट लेक’ नाही पटत. डचांनी १६९६ आणि १६९९ला मलबार किनाऱ्यावरून रोपं जावाला नेली. तिथून एक झाड १७०६ला ॲमस्टरडॅमला गेलं आणि त्याची पिल्लावळ अमेरिका खंडभर पसरली. म्हणजे अर्ध्या जगातली टिपिका (अरेबिकाचाच एक जुना वाण) कॉफी आपल्याच डोंगरांचं नातं सांगते. मग केंटच एकटी लाडकी का?
शिवाय २०१९ला बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते डोंगराला, एखाद्या वाणाला नाही. भरिताच्या वांग्याला जळगावचं नाव लागलं तसंच.

यावलकर:
आणि त्या वांग्याचं बी बदललं तर चालेल तुम्हाला?

तापीकाठ:
नाही चालणार. इथे पकडलंत.
पण एस. ७९५ वर माझा हट्ट कायम. रविवारी माझ्याकडे या सगळे. फिल्टरवाली ताई, फिल्टर तुमचा. पाकिटं झाकून, बिनदुधाची, कपांखाली नंबर. वांगी असोद्याची आणली आहेत, काड्यांवर भाजू.

धुयेकर:
भरीतले मी येस. मनासाठे चहा ठेवजो.