रि: तापाल्पाच्या वर डोंगरात नेट, सॅटेलाइट घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

मेक्सिकोतलं ग्वादालाहारा शहर सोडून आम्ही दोघं तापाल्पा या डोंगरातल्या गावाच्या पुढे एका रांचोवर, म्हणजे शेतावरच्या घरात, राहायला आलोय. माझं काम बेरीच्या टनेलमध्येच (प्लास्टिकच्या शेडमधल्या शेतीत) असतं त्यामुळे मला काही फरक पडत नाही, पण बायको पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते आणि तिची सकाळी नऊची मीटिंग म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ. लँडलाइन इकडे आलेलीच नाही, मोबाइलला गच्चीच्या एका कोपऱ्यात दोन दांड्या येतात, तेही ढग नसले तर. गावातला एक पोरगा टेकडीवरच्या टॉवरवरून वायरलेस नेट देतो, आणि दुकानात तासाच्या फिचा, म्हणजे नेटच्या कोडच्या चिठ्ठ्या, मिळतात, त्यावर व्हॉट्सॅप चालतं, व्हिडिओ नाही.

तर सॅटेलाइट घ्यायचं ठरतंय. स्टारलिंक की ह्यूजेसनेट? घराभोवती पाइनची उंच झाडं आहेत. घरमालक म्हणतो गच्चीला भोक पाडायचं नाही. आणि टेक्सासमधला मेहुणा म्हणतो माझी डिश पडून आहे, घेऊन जा. कुणी लावलंय का असं?

---

अरे, तापाल्पा म्हणजे आमच्या सिउदाद गुस्मानचं शेजारच की, आधी सांगायचंस.

मीटिंगा असतील तर भूस्थिर उपग्रहावरचं, म्हणजे आभाळात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहावरचं, कुठल्याही कंपनीचं नेट घेऊ नकोस, ह्यूजेसनेट त्यातलंच. कंपनी वाईट म्हणून नाही, अंतरच तेवढं आहे. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, तुझा आवाज वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर जाऊन खाली येणार, प्रकाशाच्या वेगानेसुद्धा अर्धा सेकंद तिथेच गेला, आणि प्रत्यक्षात सहाशे मिलिसेकंद किंवा जास्तच धर. सूनबाई आणि तिकडचा मॅनेजर एकदमच बोलायला लागणार आणि एकदमच गप्प होणार. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, तिथे २५ ते ६० मिलिसेकंदात काम होतं.

पण तुझी झाडं इथे आडवी येणार. भूस्थिरवाल्या डिशला आपल्याकडून दक्षिणेला एक फट मोकळी मिळाली की झालं. स्टारलिंकला उपग्रह सतत बदलावा लागतो म्हणून तिला जवळजवळ ११० अंशांचं आकाश मोकळं लागतं. एक पाइन मध्ये आला तर नेट बंद पडत नाही, दर थोड्या वेळाने काही सेकंद जातं, सिनेमा बघताना कळणारही नाही पण मीटिंगमध्ये नेमकं कळतं. तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी त्यांचं ॲप उतरव, अडथळे बघायचं टूल आहे त्यात, फोन आभाळाकडे धरून गच्चीवर, अंगणात, शेताच्या कडेला सगळीकडे फिर. तिनाको, म्हणजे पाण्याची टाकी, विसरू नकोस. ती काळी टाकी गच्चीवर सगळ्यात उंच असते आणि लोक नेमकी तिच्याच बाजूला डिश लावतात.

घरमालकाचं म्हणणं बरोबर आहे. असोतेआवरचा (गच्चीवरचा) तो लाल वॉटरप्रूफिंगचा थर एकदा फोडला की जूनमध्ये खालच्या खोलीत बादल्या मांडायच्या. भोक पाडून ताकेते (स्क्रूचे प्लग) ठोकून बसवणारे भेटतील, नको म्हण. गावातल्या एरेरोला (लोहाराला) चार पायांचा स्टँड वेल्ड करायला सांग, मधे जाड पाइप, पायांवर सिमेंटचे ब्लॉक. रस्ट प्रूफ रंग लावून दे म्हणावं, नाहीतर देतो तसाच काळा लोखंडी.

आता खरं सांगतो. डिश अर्ध्या तासात लागते, लहान पोरही लावेल. डोंगरात त्रास विजेचा. आपल्याकडे १२७ व्होल्ट म्हणायचे, पावसाळ्यात संध्याकाळी वीज कडाडली की त्याचं काय होतं ते मीटर लावून बघ. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेच्या भोकात वायरच नसते, नुसतं भोक. आधी इलेक्ट्रिशियन बोलावून तिएरा फिसिका, म्हणजे अर्थिंग, करून घे, रॉड ठोकून, मग रेग्युलेटर, मग नो-ब्रेक (यूपीएस). साधी डिश ७५ ते १०० वॅट खाते, कॉम्प्युटरवाला छोटा नो-ब्रेक तिला फार वेळ पोसू शकत नाही. स्टारलिंकची छोटी डिश, मिनी, २५ ते ४० वॅटमध्ये भागते आणि १२ व्होल्टच्या डीसीवरही चालते, म्हणजे बॅटरी आणि एक सोलर पॅनल असलं की लाइट जाऊ दे नाहीतर राहू दे. मी तुझ्या जागी असतो तर मिनीच घेतली असती, स्पीड थोडा कमी मिळाला तरी.

---

नमस्कार, मेक्सिकोतल्याच केरेतारोहून लिहितेय.

काकांचं सगळं पटलं, मिनीचं सोडून. दोघांचं रोजचं काम असेल तर मोठी डिश घ्या आणि बॅटरी मोठी घ्या, ऑफिसचं काम चालू असताना कंजूसी नको.

मेहुण्याच्या डिशचं सांगते. आणू नका. प्रवासाचा प्लॅन वेगळा असतो, त्यावर मेक्सिकोत चालेल, पण दोन महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या देशात राहिलात तर खातं त्या देशात हलवावं लागतं, नाहीतर सर्व्हिस थांबवू शकतात. तुम्ही तर राहायलाच गेलायत. इथलं खातं इथल्या पत्त्यावर काढा, रेसिदेंते (रहिवासी) कार्डासोबत आरएफसी, म्हणजे इथला टॅक्स नंबर, असेल तर फाक्तुराही (टॅक्सचं बिल) तुमच्याच नावावर येईल, वहिनींच्या कंपनीकडून खर्च परत मागायचा असेल तर तो कागद लागतोच.

पत्त्यावरून आठवलं. रांचोचा पत्ता म्हणजे "दोमिसिलिओ कोनोसिदो, सिन नूमेरो" (ओळखीचं घर, नंबर नाही), म्हणजे सगळ्यांना माहीत, फक्त कुरियरवाल्याला नाही. आमच्या ओळखीतल्या एकांचं पार्सल "घर सापडलं नाही" म्हणून परत गेलं होतं. नकाशावरची पिन नीट ठेवा, फोन लागत नसेल तर दुकानवालीचा नंबर द्या तिला विचारून, किंवा ओकुर्रेची (पार्सल कुरियरच्या ऑफिसातच ठेवायची) सोय असेल तर सरळ तालुक्याच्या गावातल्या ऑफिसातून उचला.

अजून एक, टनेलमध्ये कॅमेरे किंवा ड्रिपचा कंट्रोलर असेल आणि तो बाहेरून बघायचा असेल तर साध्या प्लॅनमध्ये स्वतःचा पब्लिक आयपीव्ही४ पत्ता (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता) मिळत नाही, पोर्ट उघडून उपयोग नाही. क्लाउडवाले कॅमेरे चालतात, व्हीपीएनही चालतो.

आणि त्या टॉवरवाल्या पोराला तोडू नका हो. छोटा प्लॅन चालू ठेवा, दोन लाइनींचा राउटर घ्या, एक गेली की दुसरी. तो कदाचित म्हणेल की तुमच्या डिशवरून मी शेजारी नेट विकतो, अर्धे पैसे तुमचे. घरगुती प्लॅनवर विकायला परवानगी नाही, तेव्हा हसून नाही म्हणा. चावडीवर, म्हणजे प्लासात, सरकारी फुकट वायफाय आहे का तेही बघा. सीएफईच्या (सरकारी वीज कंपनीच्या) टेलिकॉम शाखेने २०२३ मध्ये त्यासाठी स्टारलिंकलाच कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, काही गावांत चांगलं चालतं.

साडेनऊची वेळ मात्र आता पक्की, २०२२ पासून घड्याळ पुढेमागे करणं बंद झालंय, पुण्याशी कायम साडेअकरा तासांचाच फरक. आधी वर्षातून दोनदा किती गोंधळ व्हायचा!

---

काका, ताई, खूप आभार.

ॲप घेऊन फिरलो. गच्चीवर पश्चिमेकडचे दोन पाइन लाल दाखवतात, तिनाकोच्या वर नेलं तरी. विहिरीजवळ मात्र पूर्ण मोकळं आहे, पण डिशबरोबर येणारी १५ मीटरची केबल घरापर्यंत पुरत नाही. ४५ मीटरची मागवतोय. पाइन तोडू का म्हणून घरमालकाने स्वतःच विचारलं, मी नको म्हटलं, परवानगीची भानगड असते म्हणे. केबल जमिनीखालून न्यायची तर कशातून न्यावी?

---

झाडं तोडू नकोस, उगाच.

केशरी पोलिदुक्तो, म्हणजे वायरीसाठीचा प्लास्टिक पाइप, फेरेतेरियात (हार्डवेअरच्या दुकानात) मीटरवर मिळतो. इंचाचा किंवा मोठा घे, कनेक्टर आरपार गेला पाहिजे, तो कापून परत जोडायच्या फंदात पडू नकोस. आत आधी तार ओवून ठेव. दोन्ही तोंडं सिलिकोनने बंद कर, मुंग्या शिरतात. आणि ट्रॅक्टर जातो तिथे हातभर खोल पुर. खांब विहिरीजवळ एकटा उभा राहणार म्हणजे त्यालाही वेगळा अर्थिंग रॉड लागेल, तेव्हा इलेक्ट्रिशियनला एकाच फेरीत दोन्ही सांग.