ऐरोलीतील कार्यालयात दुपारनंतर डोळे चुरचुरतात. कारण कसे शोधावे?

खारफुटी (विचारणा)

नमस्कार. मी ठाण्यात राहते आणि ऐरोलीतील एका संकुलात, आठव्या मजल्यावरच्या कार्यालयात हिशेबाच्या विभागात काम करते. वय ३८, चष्मा आहे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत नाही. गेल्या हिवाळ्यात आमचा विभाग जुन्या मजल्यावरून या नव्या मजल्यावर आला आणि तेव्हापासून एक त्रास मागे लागला आहे. सकाळी काही जाणवत नाही. पण जेवणानंतर, साधारण तीनच्या सुमारास, डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाच वाजेपर्यंत डोळे लाल होतात आणि मग चक्क पाणी वाहू लागते. एका बैठकीत समोरच्या गृहस्थांनी मला काही वाईट बातमी आली आहे का, असे हळूच विचारले, इतपत मजल गेली.

गंमत अशी की, संध्याकाळी ऐरोली स्थानकावर ठाण्याच्या गाडीची वाट पाहत उभी राहिले की अर्ध्या तासात बरे वाटते. शनिवार-रविवारी त्रास नसतो. घरी मोबाइल आणि दूरचित्रवाणी दोन्ही पाहते, तेव्हाही फारसे होत नाही. म्हणजे केवळ पडद्याचा दोष म्हणावा, तर तसेही दिसत नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. डोळ्यांतून पाणी येत असताना त्याला कोरडेपणा कसे म्हणायचे? आणि आपल्याकडे हवा इतकी दमट असताना कोरडेपणा येतो कुठून? माझ्या जागेची माहिती देते: डोक्याच्या किंचित पुढे छतात एसीची जाळी आहे, उजवीकडे छपाई यंत्र आहे, आणि मान दुखते म्हणून मी मॉनिटर ए-फोर कागदाच्या दोन गठ्ठ्यांवर उंच ठेवला आहे. हे शेवटचे एका सहकाऱ्याने सुचवले होते आणि मानेला त्याचा खरोखर उपयोग झाला.

रोजचीगाडी

ताई, मला महाप्यात हाच अनुभव आला होता. मी पेटीत गुलाबपाण्याची बाटली ठेवतो आणि दुपारी दोन-दोन थेंब घालतो. लगेच थंडावा मिळतो. लाली फार असेल तर औषधाच्या दुकानात डोळे पांढरे करणारे थेंब मिळतात, तेही बैठकीआधी घालावेत. दहा मिनिटांत डोळे स्वच्छ दिसतात.

डक्टवाला

मी डॉक्टर नाही. वातानुकूलन यंत्रणेच्या देखभालीत गेली सतरा वर्षे आहे आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बऱ्याच इमारतींची छते आतून पाहिली आहेत. त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरतेच बोलतो.

एसी हवा थंड करतो तेव्हा तिच्यातील बाष्प थंड नळ्यांवर पाणी होऊन बसते. घरातल्या एसीच्या नळीखाली पावसाळ्यात आपण बादली ठेवतो, त्या बादलीतले पाणी म्हणजे आपल्याच खोलीच्या हवेतला ओलावा. मोठ्या यंत्रणेत हवा साधारण १३ अंशांपर्यंत थंड होऊन डक्टमधून येते आणि खोलीत आल्यावर २४ अंशांपर्यंत तापते. ती तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत जास्तीत जास्त मावू शकेल त्या बाष्पाच्या तुलनेत असलेले बाष्प, निम्म्यावर, म्हणजे ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. हिवाळ्यात, जेव्हा बाहेरचीच हवा कोरडी असते, तेव्हा आणखी खाली जाते. तरीही ५० टक्के म्हणजे काही वाळवंट नव्हे. ४० ते ६० टक्के ही तर माणसाला मानवणारी हवा समजली जाते. म्हणून ‘एसीची हवा कोरडी असते’ एवढ्यावर मी थांबणार नाही. माझा संशय आपल्या डोक्यापुढच्या त्या जाळीवर आहे.

कपडे वाळतात ते केवळ कोरड्या हवेने नाही, वाऱ्याने. डोळ्याचेही तसेच. छतातल्या जाळीतून सुटणारी हवा छताला चिकटून दूरवर पसरावी आणि मग सावकाश खाली यावी, अशी तिची रचना असते. पण ब्लोअर मंद केला, किंवा जाळीची पाती कुणी हलवली, किंवा मजल्याची मांडणी बदलली आणि जाळ्या मात्र जुन्याच जागी राहिल्या, की ती हवा तिथेच सरळ खाली कोसळते. बसलेल्या माणसापाशी हवेचा वेग सेकंदाला २० ते २५ सेंटीमीटरच्या आत असावा, असे आम्ही धरतो. हा वेग इतका कमी असतो की त्वचेला नीटसा कळतही नाही, पण उघड्या डोळ्याला दिवसाचे आठ तास तो पुरतो.

तपासायला यंत्र नको. टिश्यू कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी फाडा आणि मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने लोंबती लावा. दिवसभर तिच्याकडे मधूनमधून पाहा. ती स्तब्ध लोंबत असेल तर माझे म्हणणे सोडून द्या. ती आपल्या दिशेने सतत फडफडत असेल, तर झोत तोंडावर येतो आहे. मग देखभाल विभागाला ‘एसी फार लागतो’ असे सांगू नका. त्या तक्रारीवर ते तापमान एका अंशाने वाढवतात आणि शेजारचे दहा जण उलट तक्रार करतात. ‘माझ्या जागेवरच्या जाळीची पाती वळवा, किंवा त्या बाजूला आडपत्रा लावा’ असे लेखी सांगा. कृपया स्वतः पुठ्ठा चिकटवू नका. तो दोन महिन्यांनी कुणाच्या तरी डोक्यावर पडतो आणि दोष आमच्यावर येतो.

टेबलावर ठेवायच्या छोट्या आर्द्रतायंत्रांविषयीही सांगतो. त्यातले पाणी रोज बदलले नाही आणि टाकी घासली नाही, तर वाफेबरोबर बुरशीही मिळते. आपल्या भागातल्या पावसाळ्यात तर तो विचारही नको.

चष्मेघर

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टी तपासून चष्मा ठरवून देणारा आहे. डक्टवाला यांचे म्हणणे मला पटते. त्याला डोळ्याच्या बाजूने जोड देतो.

आधी ‘रोजचीगाडी’ यांच्या सल्ल्याबद्दल, कारण तो लोक सर्रास पाळतात. बाजारातले गुलाबपाणी डोळ्यात घालण्यासाठी निर्जंतुक केलेले नसते, त्यात सुगंधी द्रव्येही असू शकतात. ते चेहऱ्यालाच ठेवावे. लाली घालवणारे थेंब डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. चुरचुर ज्यामुळे होते, ते कारण तसेच राहते. शिवाय वारंवार वापरल्यास औषधाचा अंमल उतरला की लाली पहिल्यापेक्षा जास्त येते. दुकानदाराने न विचारता दिलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल, तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूपर्यंत प्रकरण जाऊ शकते. माझी विनंती आहे की, डब्यावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नयेत.

आता पाण्याचे कोडे. डोळ्यावरचे अश्रूंचे पटल म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळाशी पाण्याला धरून ठेवणारा चिकट अंश असतो, त्यावर पाणी, आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते आणि दर वेळी पापणी पूर्ण मिटली की नव्याने पसरते. वरणावर तुपाची तार असली की वाफ कमी जाते, तसे ते बाष्पीभवन रोखते. तेल कमी पडले, पापण्या कमी मिटल्या किंवा वारा लागला, की पटल मध्येच फाटते, बुबुळाचा तेवढा भाग उघडा पडतो आणि खुपू लागते. त्या टोचणीला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. ते पाणी गालावरून वाहून जाते. तेलाची उणीव त्याने भरून निघत नाही. म्हणून वाहणारा डोळाही कोरडा असू शकतो.

आपण एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्यावर एकाग्र झालो की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, आणि पुष्कळदा पापणी अर्धीच खाली येऊन परत जाते. हिशेबाचे तक्ते तपासताना तर माणूस श्वाससुद्धा रोखून पाहतो.

आपल्या वर्णनात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते कागदाचे दोन गठ्ठे. खाली वाचताना वरची पापणी आपोआप उतरलेली असते आणि डोळ्याचा थोडाच भाग उघडा राहतो. मॉनिटर उंच झाला की नजर समोर किंवा वर जाते, डोळा अधिक रुंद उघडतो आणि वाऱ्याला जास्त जागा मिळते. घरी मोबाइल आपण खाली मान घालून पाहतो. तिथे त्रास कमी होण्याचे हेही एक कारण असू शकेल. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेला किंवा किंचित खाली असावी. एक गठ्ठा काढून पाहा. मानेसाठी खुर्ची आणि मॉनिटरचे अंतर यांत फेरफार करता येईल.

तीन गोष्टी विचारतो. रोज घेत असलेली काही औषधे आहेत का? डोळ्यांना खाज येते की जळजळ? आणि त्रास दोन्ही डोळ्यांना सारखा आहे का?

खारफुटी

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभार. खाज नाही, जळजळ आहे. दोन्ही डोळ्यांना सारखीच. औषध म्हणाल तर, नव्या मजल्यावर आल्यावर गालिचाच्या आणि रंगाच्या वासाने शिंका येत, म्हणून मी सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी रात्री घेऊ लागले. शिंका थांबल्या, पण गोळी सवयीने चालूच आहे. डोळ्यांशी तिचा संबंध असेल, असे मनातही आले नाही.

टिश्यूची पट्टी आज लावली. दहा ते साडेअकरा अगदी निवांत लोंबत होती. त्यानंतर ऊन वाढले तशी बहुधा यंत्रणा जोरात सुरू झाली आणि पट्टी सरळ माझ्या नाकाच्या दिशेने उडू लागली, ती साडेपाचपर्यंत.

चष्मेघर

ॲलर्जीच्या गोळ्या नाक वाळवतात, तशाच अश्रूही कमी करतात. सेटिरिझिन त्यांपैकीच एक आहे. काही मानसोपचाराची औषधे आणि मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन यांचाही असा परिणाम होतो. गोळीची गरज अजून आहे का, हे ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारावे. स्वतःच सुरू केली असेल, तर कुणाला तरी विचारण्याची वेळ आली आहे.

एकदा नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन यावे. पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतात, ती शर्मर चाचणी. आणि पिवळसर रंगद्रव्य घालून पटल किती सेकंदांत फाटते ते पाहतात. दहा सेकंदांच्या आत फाटले तर ते अस्थिर मानतात. पाणी कमी की तेल कमी, हे यावरून कळते आणि उपचार त्यानुसार बदलतात. तोवर कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे साधे वंगणाचे थेंब चालतील. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागले, तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्या, कारण परिरक्षक म्हणून वापरले जाणारे बेंझाल्कोनियम क्लोराइड स्वतःच डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देते.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर मात्र पैसे घालवू नयेत. २०२३च्या कॉक्रेन पुनरावलोकनात, म्हणजे झालेल्या वैद्यकीय अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात, पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा ताण त्यांनी कमी होतो असे दिसलेले नाही. हे मी चष्म्याच्या दुकानात बसून लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.

डोळा ठणकला, उजेड सहन होईना, दिसणे अचानक अंधूक झाले किंवा त्रास एकाच डोळ्यात उसळला, तर थेंब घालत बसू नये. त्याच दिवशी दाखवावे.

वाशीच्या काकू

थोडे माझेही. मला डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असे, पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नसे. मी वर्षभर कार्यालयाच्या एसीला दोष दिला; शेवटी रक्त तपासल्यावर शोग्रेन निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटण्याचा आजार. सुटीच्या दिवशी बरे वाटत असल्यामुळे खारफुटी यांचे तसे नसावे. पण ज्यांना रविवारीही त्रास होतो, त्यांनी एसीवर थांबू नये.

खारफुटी

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आले. कागदाची पट्टी १६ मिलिमीटर भिजली, म्हणजे पाणी पुरेसे आहे. पटल मात्र पाच सेकंदांत फाटत होते. पापणीची कड दाबल्यावर तेल पातळ न येता टूथपेस्टसारखे घट्ट येते, असे त्यांनी आरशात दाखवले. रोज रात्री दहा मिनिटे कोमट शेक आणि नंतर पापण्यांच्या कडांना हलका मसाज सांगितला आहे. रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून मी तो दोन-तीनदा गरम पाण्यात बुडवून पिळून घेते. पहिले दहा दिवस काहीच फरक पडला नाही आणि मी जवळजवळ सोडून देणार होते.

डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली आहे. शिंका परत आल्या नाहीत. कागदाचा एक गठ्ठा काढला. मान दोन दिवस कुरकुरली, मग खुर्ची थोडी वर घेतली. दर वीस मिनिटांनी मान वळवून खिडकीतून खाडीकडे पाहते आणि तेवढ्यात पाच-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटते. डोळ्यांना विसावा म्हणून निदान वीस फुटांपलीकडे पाहायचे असते, आणि तिथली खारफुटीची झाडे सहज त्याहून लांब आहेत.

देखभाल विभागाला आपण सांगितलेल्या शब्दांतच अर्ज दिला. पहिल्या अर्जावर तापमान एका अंशाने वाढले, अगदी डक्टवाला म्हणाले होते तसेच. दुसऱ्या अर्जासोबत उडणाऱ्या पट्टीची चित्रफीत जोडली, तेव्हा एक गृहस्थ शिडी घेऊन आले आणि त्यांनी चार मिनिटांत पाती वळवली. तीन वाजताचे खुपणे आता आठवड्यातून एखाद्या दिवशी होते, तेही महिनाअखेरीच्या कामात. पाणी येणे थांबले आहे.

मात्र माझ्या डावीकडे बसणाऱ्या सहकाऱ्याने परवा टिश्यूची पट्टी आणि चिकटपट्टी मागून नेली.

डक्टवाला

त्यांना सांगा, अर्ज दोघांच्या सहीने द्या. त्या जाळीची एक बाजूच बंद करून घ्यायला हवी होती. नुसती पाती वळवली की झोत पुढच्या टेबलावर जातो.